अंडाशयाचा कॅन्सर परतला, आता ओलापॅरिब सुरू होतंय. घेतलेल्यांचे अनुभव हवे आहेत

नमस्कार मंडळी,

आधी थोडक्यात माझ्या आजाराबद्दल. अंडाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज, बीआरसीए-१ पॉझिटिव्ह (म्हणजे या जनुकात दोष आहे). ऑपरेशन आणि कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलची केमो झाल्यावर मधला बराच काळ चांगला गेला. मग सीए-१२५ (या कॅन्सरवर लक्ष ठेवायला रक्तात मोजतात ते) हळूहळू चढायला लागलं आणि स्कॅनमध्ये पोटाच्या आवरणावर गाठी दिसल्या. आधीची केमो संपून सहा महिन्यांच्या वर झाले होते, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा प्लॅटिनमचीच (कार्बोप्लॅटिनच्या गटातली) केमो दिली. तिचा उपयोग झाला. गाठी आक्रसल्या आहेत आणि आता ओलापॅरिबच्या गोळ्या सुरू करायच्या आहेत.

औषध काय करतं ते डॉक्टरांनी नीट समजावलं. बीआरसीएच्या दोषामुळे कॅन्सरच्या पेशींचा डीएनए दुरुस्त करायचा एक मार्ग आधीच बंद असतो. ही गोळी पार्प नावाचं एन्झाइम अडवून दुसरा मार्गही बंद करते. १५० मिग्रॅच्या दोन गोळ्या सकाळी, दोन रात्री. तोडायच्या नाहीत, चावायच्या नाहीत. एखादा डोस राहिला तर राहू द्यायचा, पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही. ग्रेपफ्रूट बंद. दर महिन्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी. एवढं सगळं वहीत लिहून घेतलंय.

वहीत नसलेलं तुम्हाला विचारायचंय.

पहिलं मळमळीचं. बहुतेकांना सुरुवातीला होते म्हणतात. तुमची किती दिवसांनी कमी झाली? उलटीची गोळी आधीच घेत होतात की त्रास झाल्यावर? आणि थकवा? केमोत मला माहीत असायचं की हे चार-पाच दिवस वाईट, मग अंग जरा सावरतं. इथे गोळी रोजच आहे, तर सावरायचे दिवस येतात तरी कधी? नोकरी करत हे औषध घेणाऱ्या कुणी असाल तर जरूर लिहा. मला अर्धा दिवस का होईना, कामावर परत जायचंय.

दुसरं हिमोग्लोबिनचं. ते उतरलं तर औषध काही दिवस थांबवतात, कधी रक्त चढवतात, नंतर डोस कमी करून पुन्हा सुरू करतात, असं सांगितलंय. तुमच्यापैकी कुणाचा डोस कमी झाला होता का? त्या थांबलेल्या दिवसांत मन कसं सांभाळलंत? मला आत्तापासूनच त्याची धास्ती वाटते.

सगळ्यात अवघड पुढचं आहे. "किती दिवस घ्यायच्या?" असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "उपयोग होतोय आणि तुम्हाला सोसतंय तोवर." केमोत मी उरलेल्या सायकल मोजायचे. आता मोजायला काही नाही. घरच्यांना मात्र "केमो संपली" एवढंच ऐकू आलंय आणि सगळे खूश आहेत. परवा लेकीने मिठी मारून विचारलं, "आई, म्हणजे आता बरी झालीस ना?" मी नुसतं तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिला खोटं सांगायचं नाहीये आणि घाबरवायचंही नाहीये. ती दहावीत आहे, समजूतदार आहे. "आजार आहे, पण आटोक्यात आहे आणि तो तसाच राहावा म्हणून ही गोळी" असं सांगितलं तर पुरेल का? ज्यांनी मुलांशी हे बोलून पाहिलंय, त्यांनी नेमके कोणते शब्द वापरले ते सांगाल का? (बीआरसीए आईकडून मुलीकडे जायची शक्यता ५० टक्के असते. ते तिला कधी सांगायचं, यावर वेगळा धागा काढेन.)

एक विनंती. काढे, चूर्णं, घरगुती उपाय कृपया सुचवू नका. तुमची काळजी कळते, पण काही वनस्पतींमुळे या औषधाचं रक्तातलं प्रमाण बदलतं, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी काहीच घेणार नाही.

सोमवारी रात्री पहिला डोस आहे. त्याआधी मळमळीबद्दल कुणी लिहिलंत तर फार बरं होईल. बाकीचं सवडीने लिहा, मी रोज इथे येऊन वाचेन.