लिंबाचा ओघळ गालावर उमटलाय, आता काय लावू?

स्कूटीवाली_इंदूर:
नमस्कार मंडळी. वय ३६, रोज स्कूटीवरून पलासियाला ऑफिस. तक्रार जुनीच आहे: दुसऱ्या बाळंतपणापासून दोन्ही गालांवर वांग, आणि पाळी जवळ आली की हनुवटीवर दुखऱ्या पुळ्या. सासूबाई म्हणतात केमिकल नको, मलाही ते पटतं. म्हणून गेल्या रविवारी एक व्हिडिओ बघून अर्धं लिंबू साखरेत बुडवलं आणि सालीसकट गालावर घासलं. चुरचुरलं, पण व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या होत्या, चुरचुरतंय म्हणजे काम करतंय. घाईत तोंडावर पाणी मारलं आणि भाचीच्या साखरपुड्याच्या खरेदीला शीतलामाता बाजारात गेले. मे महिना, दुपारचे दोन.

मंगळवारी सकाळी आरशात बघते तर उजव्या डोळ्याखालून जबड्यापर्यंत तपकिरी पट्टा! वर रुंद, खाली निमुळता, टोकाला थेंबाएवढा ठिपका. रस जसा ओघळला होता, हुबेहूब तसा. अंगठ्याच्या बेचक्यातही डाग. फोड नाहीत, आग नाही. वांग राहिला बाजूला, ऑफिसात सगळे विचारतात कुठे भाजलं. मैत्रीण म्हणते लिंबाला उतारा म्हणून खायचा सोडा लाव. लावू का? घरगुतीच सांगा.

सहाणेवरची:
सोडा मुळीच नको ग बाई! एक आंबट, दुसरा खारट, मधल्यामध्ये तुझी कातडी सोलायची. सध्या काहीच घासू नकोस, बटाटासुद्धा नाही. गार पाणी, बस्स.

डाग निवल्यावर आमच्या आजीचं सांगते. आठ-दहा चारोळ्या दुधात भिजवून सहाणेवर उगाळायच्या, त्यात चमचाभर मसुराचं पीठ. ओलं आहे तोवरच धुवायचं, तडकू द्यायचं नाही. याने वांग जात नाही, उगाच आशा लावत नाही, पण कातडी मऊ राहते. मुलतानी माती मात्र उन्हाळ्यात नकोच. आपल्याकडची लू आधीच तोंड ओढून घेते. कोरफड लावणार असशील तर पान कापून पंधरा मिनिटं उभं ठेव, पिवळा चीक निथळू दे, मगच गर काढ. त्या चिकाने खाज सुटते.

भिया_पोहे_दो:
आम्ही लिंबू पोह्यांवर पिळतो. आजवर पोह्यांना डाग पडलेला नाही.

मेडिकलवाला:
ताई, घाबरू नका, पण हे साधं काळवंडणं नाही. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखी जखम होते, एक-दोन दिवसांनी दिसते आणि मागे डाग ठेवते. म्हणून तुमचा डाग ओघळाच्या आकाराचा आहे. तुम्ही साल घासलीत, म्हणजे दुप्पट मेहनत केलीत. शिवाय लिंबाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं जास्त आंबट) साधारण २, चेहऱ्याचा ५ च्या आसपास. सोड्याचा ८ च्या वर. दोन्ही चुका एकाच गालावर नकोत.

डाग काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत फिका होतो. घाई करायला काही नाही, फक्त ऊन टाळायचं. स्कूटीवर स्कार्फ बांधताच, त्याखाली झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन लावा, दोन बोटांवर रेघ ओढून मावेल तेवढं. रंग असलेलं मिळालं तर आणखी चांगलं, त्यातलं आयर्न ऑक्साइड वांगाला उपयोगी पडतं. तुम्हाला केमिकल नको ना, ही दोन्ही खनिजंच आहेत. पुळ्यांवर खोबरेल चोळू नका, छिद्रं बुजतात. पाळी अनियमित असेल तर हनुवटीच्या पुळ्यांसाठी आधी डॉक्टर, मग चारोळी.

स्कूटीवाली_इंदूर:
दादा, धन्यवाद. पोहेवाले भिया, तुम्हाला नंतर बघते.

एक विचारायचं राहिलं. पार्लरवालीने एक ट्यूब दिलीय, वांगासाठी. लग्नसराईत दोन महिने रोज रात्री लावली. आठवड्यात गाल उजळले होते, बंद केली की लाल आणि खाजरे. आता डागावर तीच लावू का?

मेडिकलवाला:
ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन, अशी तीन नावं आहेत का?

स्कूटीवाली_इंदूर:
तिन्ही आहेत. मोमेटासोन म्हणजे?

मेडिकलवाला:
स्टेरॉइड. ही ट्यूब डॉक्टरांनी लिहून द्यायची, मोजके आठवडे, त्यांच्या नजरेखाली. पार्लरने वाटायची नाही. जास्त दिवस चेहऱ्यावर लावली की कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसतात, पुळ्या वाढतात, आणि सोडली की लाल होते. तुमचं तेच चाललंय. माझ्याकडेही लोक नाव सांगून मागतात. मी चिठ्ठी मागतो, मग ते शेजारच्या दुकानात जातात.

डागावर लावू नका. ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीतही दाखवता येईल. आणि लिंबाचं तेवढंच सांगू नका हं, ही दोन महिन्यांची गोष्ट आधी सांगा.

सहाणेवरची:
सासूबाईंना केमिकल चालत नाही म्हणालीस ना? ही ट्यूब कुठे ठेवली होतीस?

स्कूटीवाली_इंदूर:
देव्हाऱ्यामागे. शुक्रवारी दवाखान्यात जाते आहे, सासूबाईच सोबत येताहेत.