डोक्यात नळी असताना वडिलांना बसवायचं, चालवायचं कसं?

चोपडेकर

नमस्कार मंडळी. आमचे आबा, वय ६४. चोपडा तालुक्यात तापीकाठी केळी आहे आमची. नऊ दिवसांपूर्वी वावरातच डोकं धरून बसले, उलटी झाली आणि बोलेनासे झाले. तसंच जळगावला आणलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. रक्ताने मेंदूतल्या पाण्याची वाट अडली म्हणून डोक्यात नळी टाकली, डॉक्टर तिला ईव्हीडी म्हणतात. आता शुद्धीवर आहेत, ओळखतात, भांडतातही.

काल फिजिओच्या मॅडम म्हणाल्या, एक-दोन दिवसांत कॉटच्या कडेला बसवू, मग चार पावलं. रात्रपाळीच्या ब्रदरने दम दिला की उशीसुद्धा हलवायची नाही. आबांचं आपलं सारखं, "माले उठू दे रे, मी काय तान्हा पोऱ्या शे का?"

परवा माझ्याच हातून चूक झाली. पेज पाजायची म्हणून मी कॉटचं हँडल फिरवलं आणि डोक्याकडची बाजू वर घेतली. नळी चालूच होती. स्टँडवरच्या नळकांड्यात थेंब थेंब पडणारं पाणी धार लागल्यासारखं पडू लागलं. आबा म्हणाले कपाळ ठणकतंय. सिस्टर पळत आल्या, नळीवरची चावी (पाणी थांबवायचा खटका) बंद केली आणि मला जे बोलायचं ते बोलल्या. तेव्हापासून कॉटला हात लावायची हिंमत होत नाही.

अशा माणसाला खरंच उठवतात का? आणि घरच्यांनी काय करायचं?

धुळ्याची सिस्टर

तुमच्या सिस्टर बोलल्या ते बरं केलं, मीही बोलले असते. माझी २६ वर्षं न्यूरोच्या आयसीयूत गेली, आता घरी आहे.

आधी झालं काय ते समजून घ्या. घर बांधताना गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोन भिंतींची लेव्हल बघतो ना, तोच हिशेब. नळकांड्याच्या पट्टीवरचा शून्य हा कानाच्या भोकासमोर जो छोटा उंचवटा असतो, त्याच्या रेषेत धरतात. तिथून डॉक्टर सांगतील तेवढ्या उंचीवर, समजा १० सेंटिमीटर, नळकांडं टांगतात. डोक्यातला दाब त्या उंचीच्या वर गेला तरच पाणी बाहेर येतं. तुम्ही डोकं वीतभर वर उचललंत म्हणजे नळकांडं वीतभर खाली गेलं. पाणी धावणारच.

मोठ्या माणसाचा मेंदू तासाला साधारण २० मिली पाणी तयार करतो. डोकं आणि पाठीचा कणा मिळून एका वेळी असतंच दीडशे मिलीच्या आसपास. त्यातून मिनिटांत तीस-चाळीस गेलं तर मेंदू आतून बसतो, वरच्या शिरा ताणतात आणि तिथे नवाच रक्तस्राव होऊ शकतो. उलट डोकं खाली सरकलं तर पाणी निघायचं थांबतं आणि दाब चढतो. म्हणून पेशंट उशीवरून घसरून पायथ्याकडे गेला तरी सिस्टरला सांगायचं. घसरतातच ते, दर दोन तासांनी.

तरीही उठवतात का? उठवतात, आणि उठवावंच. पडून पडून छातीत कफ साचतो, पायात गुठळ्या होतात, मांड्या आठवडाभरात विरघळतात. फक्त डॉक्टरांनी आधी बघायचं असतं की दाब स्थिर आहे आणि थोडा वेळ नळी बंद ठेवलेली पेशंटला चालते. काहींना पाच मिनिटंही चालत नाही, त्यांना नाही उठवत. तुमच्या ब्रदरने रात्री दोन वाजता हलवू नका म्हटलं, त्यात चूक नाही. रात्री हात कमी असतात.

रीत अशी: नर्सने चावी बंद करायची, मग पेशंटला हलवायचं, तो स्थिर बसला की पुन्हा कानाशी लेव्हल जुळवायची, आणि मग चावी उघडायची. चालवणार असतील तर चालून परत येईपर्यंत बंद. ही चावी तुमची नाही. फिरवायची नाही, "जरा बघू" म्हणूनसुद्धा नाही.

सगळ्यांचं लक्ष नळी निघेल का यावर असतं. मी मात्र जास्त घाबरायची ते चावी उघडायला विसरण्याला. आमच्याकडे एकाला सीटीला नेऊन आणलं. कॉटवर घेतलं, चादर नीट केली, तेवढ्यात शेजारच्या पेशंटला झटका आला आणि सगळे तिकडे धावले. याची बायको पायाशी बसून म्हणत होती, दमलेत, झोपू दे. झोप नव्हती ती. पाऊण तासाने वॉर्डातल्या मामांना दिसलं की नळीतलं पाणी हलत नाहीये. चावी उघडली, माणूस वाचला. तेव्हापासून मी नातेवाइकांना हेच एक काम द्यायची: आम्ही हलवून झालं की मोठ्याने विचारा, चावी उघडली का? आम्हाला राग आला तरी विचारा.

नळी चालू असली की आतलं पाणी नाडीच्या ठेक्यावर किंचित वरखाली होतं. नीट बघितलं की दिसतं. हललं नाही, एकदम लालभडक आलं, पेशंट पेंगायला लागला, असंबद्ध बोलला, उलटी झाली, तर लगेच हाक मारा. पट्टी ओली दिसली तरीही. आणि नळकांडं कधी कॉटवर आडवं ठेवायचं नाही, वरचं हवेचं फिल्टर भिजलं की निचरा बिघडतो.

पारोळ्याचा भाचा

सिस्टर, माफ करा, पण हे जरा जास्तच वाटतंय. माझ्या मामीला डोक्यात रक्त साचलं होतं, भोक पाडून नळी ठेवली. दुसऱ्याच दिवशी ती नळीची पिशवी हातात घेऊन बाथरूमला गेली. लेव्हल-बिव्हल कोणी बघितली नाही.

धुळ्याची सिस्टर

भाऊ, ती नळी वेगळी. तुमच्या मामीचं जुनं रक्त कवटी आणि मेंदूच्या मधे साचलेलं, नळी मेंदूच्या बाहेर. बहुतेक एक-दोन दिवसांत काढतात. केंब्रिजच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलं होतं की अशी नळी ठेवली तर पुन्हा रक्त साचून परत काढावं लागायचं प्रमाण २४ टक्क्यांवरून ९ वर येतं. तिथे पिशवी डोक्याच्या खाली राहिली पाहिजे, वर उचलली तर आतलं उलटं जातं. चोपडेकरांच्या आबांची नळी मेंदूच्या आत, पाण्याच्या कप्प्यात आहे. एकाचं बघून दुसऱ्याला करायला जाऊ नका. कमरेत घालतात त्या नळीचंही गणित निराळं.

भुसावळची फिजिओ

सिस्टरांना अनुमोदन. उठवताना एक माणूस फक्त नळ्यांसाठी हवा, त्याने पेशंटला धरायचंच नाही. लघवीची पिशवी, सलाईन, ईव्हीडी, तिन्ही एकाच बाजूला घ्यायच्या. काखेत हात घालून ओढू नका, आम्ही कमरेला पट्टा बांधतो. पाय खाली सोडून निदान पाच मिनिटं बसवायचं, बीपी बघायचं, मग उभं. आणि कृपया घरून नवी चप्पल आणू नका, फरशीवर सटकते. जुनी रबरी सोल असलेली बरी.

चोपडेकर

आज सकाळी बसवलं! सिस्टरनी चावी बंद केली, मॅडमनी पट्टा बांधला, ब्रदर नळ्या धरून. मी नुसता समोर उभा. आबांचे पाय खाली लोंबकळले तेव्हा दिसलं, पोटऱ्या केवढ्या वाळल्यात. सात मिनिटं बसले. मग कॉटवर घेऊन लेव्हल लावली.

मी विचारायच्या आधी आबाच बोलले, "चावी उघाडी का?" सिस्टर हसल्या. नंतर मला म्हणतात, "ठिबकना वॉल बंद ऱ्हायना तर केळी जळस, हाई काय येगळं शे?"

सिस्टर, एक राहिलं. चार दिवस पोट साफ नाही. जोर करतात तेव्हा पाणी जास्त पडतं.

धुळ्याची सिस्टर

जोर करू द्यायचा नाही, दाब वाढतो. आजच राऊंडला डॉक्टरांना सांगा, पातळ औषध लिहून देतील. घरचं एरंडेल वगैरे स्वतःच्या मनाने नको. खोकल्यालाही हेच, ढास लागली की कळवा.

आणि भेटायला आख्खं गाव आलं असेल. त्यांना म्हणावं, कॉटच्या हँडलला हात लावू नका, आणि स्टँडवर टॉवेल टांगू नका. तोही बघितलाय मी.