कावीळ, माळ आणि नाकात थेंब: काकांना कसं समजवावं?

नमस्कार मंडळी, घाईत आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

कराडजवळ गावी माझ्या चुलतभावाला (वय २३) कावीळ झालीय. बिलिरुबिन (कावीळ किती आहे ते दाखवणारा रक्तातला आकडा) ९ च्या वर. गावातले डॉक्टर म्हणाले, विषाणूची दिसतेय, यावर खास औषध नाही; विश्रांती घे, पाणी उकळून पी, दारूला शिवू नको, आठवड्याने रक्त परत तपासू. काकांचं एकच, "औषधच देत नाही तो कसला डॉक्टर?" आणि पोराला घेऊन निघाले माळवाल्याकडे.

तिथे चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळंधमक. डोक्यावर काड्यांची माळ घातली, ती आता गळ्यात उतरलीय. वर देवडांगरीच्या (एक कडू रानवेल) रसाचे थेंब नाकात. काकू सांगते, रात्रभर नाकातून पिवळं पाणी गळतंय, नाक-घसा सोलवटलाय, पाणी गिळवत नाही. आणि घरात आनंद, की कावीळ पडतेय!

माळेचं गौडबंगाल अंनिसवाले करून दाखवतात. ओल्या काड्या सुकून आकसल्या की दोऱ्याचे फास सैल पडतात, माळ लांबते. हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावलेला असला की चुन्यात पिवळा रंग सुटतो. असो, माळेने कुणाचं बिघडत नाही, घालू दे. काकांची स्वतःची कावीळ अशीच 'उतरली' होती, त्यामुळे त्यांचा विश्वास मी समजू शकते. 'अ' प्रकारची कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते, नाव माळेचं होतं. पण याची 'ब' निघाली तर? पित्तनलिकेत खडा असला तर? डोळ्यांचा पिवळेपणा गेला की पुन्हा रक्त तपासायला कोण जाणार?

पथ्य म्हणून उसाचा रस सांगितलाय, तो एसटी स्टँडवरच्या गाड्यावरून येतो, बर्फ घालून. म्हणजे कावीळ जिथून येते तिथूनच तिचं औषध.

मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. ओळखीच्या वैद्यबाईंना फोन केला, तर त्यांनीही आधी रिपोर्टच मागितले.

ग्लानी आली, बरळायला लागला, कुठून रक्त आलं, तर कुणाला न विचारता थेट मोठ्या दवाखान्यात न्या, हे काकूला बजावून ठेवलंय. हवं आहे ते असं:

नाकातल्या थेंबांनी आग होत असताना ते बंद केल्यावर कुणाला काय उपाय सांगितला गेला? 'ब' आणि 'क'च्या तपासण्या, पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) आणि पोटाची सोनोग्राफी कराड किंवा सातारला सरकारी दवाखान्यात एकाच फेरीत होते का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. 'अंधश्रद्धा' म्हटलं की काका फोन ठेवतात. माळ गळ्यात तशीच ठेवून घरच्या मोठ्यांना रक्त तपासायला कुणी राजी केलंय का? नेमकं काय बोललात, तेवढं लिहा. शनिवारी गावी जातेय.