मदत हवी आहे: रिमोटच्या टँकचा डावा ट्रॅक सारखा उतरतोय

कर्वेनगरकर_१६
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. टँकचा डावा ट्रॅक, म्हणजे चाकांवरचा पट्टा, वळताना उतरतो. चढवला की परत उतरतो. घट्ट केला तर गिअरबॉक्स कुरकुरतो, सैल केला तर वीतभरही नीट जात नाही. डावीकडची चाकंही एका रेषेत दिसत नाहीत. व्हिडिओ बघून झाले, सगळे म्हणतात नवीन सस्पेन्शन घ्या. ते बाहेरून मागवायचं तर गणपती होऊन जातील. सोसायटीच्या देखाव्यात हाच टँक चालवायचा आहे. नक्की काय करू ते सांगा.

टेकडीवरून
कोणता टँक? स्केल काय? ट्रॅक प्लास्टिकचे की मेटलचे? पुढून उतरतो की मागून? फोटो टाका.

मीनल_ए
लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी वापरत असाल तर सेलचं व्होल्टेज ३ च्या खाली जाऊ देऊ नका. आणि चार्जिंगला लावून बाहेर जाऊ नका. आमच्या ओळखीत एकांकडे पडदा जळाला होता.

कर्वेनगरकर_१६
बॅटरी व्यवस्थित आहे, तो प्रश्नच नाही. टायगर वन या जर्मन रणगाड्याचं मॉडेल, १/१६, चिनी बनावटीचं. ट्रॅक मेटलचे, दुकानातूनच तसे बसवून आले. चेसिस प्लास्टिकची. फोटो टाकले आहेत. उतरताना काही बघायला वेळ मिळत नाही, टक्कन आवाज येतो आणि गाडी गोल फिरते.

बोहरीआळी_हार्डवेअर
सापडलं. मेटल ट्रॅक काढा आणि प्लास्टिकचे टाका. प्लास्टिकच्या चेसिसला मेटलचं वजन झेपत नाही. माझा शर्मन इतकी वर्षं प्लास्टिकवर चालतोय, कधी उतरला नाही.

लेथवाला_भोसरी
शर्मनचं टायगरला लागू होत नाही, दादा. शर्मनला चाकं दोन-दोनच्या बोगीत (जोडीच्या सांगाड्यात) असतात, वर ट्रॅकला आधार देणारे छोटे रिटर्न रोलर असतात. टायगरला रिटर्न रोलर नाहीतच, वरचा ट्रॅक चाकांच्याच डोक्यावर टेकतो. त्यामुळे मेटल ट्रॅकचा भार चाकांवर पडतो, तो चालतो. प्रॉब्लेम ताणाचा आहे. मेटल ट्रॅक ताणला की मागचा आयडलर (ट्रॅक ताणून धरणारं मोकळं चाक) आत ओढला जातो आणि त्याचा प्लास्टिकचा माउंट वाकतो. ट्रॅक बदलू नका, माउंट बघा.

बोहरीआळी_हार्डवेअर
म्हणजे शेवटी प्लास्टिकला मेटल झेपत नाही हेच ना? मी तेच म्हणालो.

टेकडीवरून
फोटोत उजवीकडचे स्विंग आर्म (चाकं धरणारे दांडे) उलट दिशेला आहेत! डावीकडचे एकीकडे झुकलेत, उजवीकडचे दुसरीकडे. फॅक्टरीत चुकीचे बसवलेत. सगळे काढून फिरवून लावा.

निवृत्त_वर्कशॉप
कृपा करून ते आर्म फिरवू नका. खऱ्या टायगरमध्येही असंच आहे. टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे, हलच्या (टँकच्या धडाच्या) आरपार आडवे जातात. एका बाजूचे आठ, दुसऱ्या बाजूचे आठ, असे सोळा बार शेजारी शेजारी बसवायचे, म्हणून एका बाजूचे आर्म पुढे आणि दुसऱ्या बाजूचे मागे झुकवलेले असतात. कंपनीने ते नीट उतरवलं आहे.

कर्वेनगरकर, मला एवढंच सांगा: पुढे जाताना उतरतो की रिव्हर्सला?

कर्वेनगरकर_१६
काका, आता मुद्दाम बघितलं. पुढे जाताना क्वचित. रिव्हर्समध्ये डावीकडे वळवला की हमखास. मागून उतरतो.

सदाशिवपेठी
देखावा कशाचा आहे?

कर्वेनगरकर_१६
लोंगेवालाच्या लढाईचा. खाली प्लायवूड, वर वाळू पसरायची आहे.

सदाशिवपेठी
अहो, लोंगेवालाला जर्मन टायगर कसा? डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानकडचे टी-५९ होते, चिनी बनावटीचे. पाच मोठी चाकं, एकाशेजारी एक. टायगरसारखी एकमेकांत घुसलेली नाहीत. लहान मुलं देखावा बघतात, त्यांना चुकीचं दाखवू नका.

कर्वेनगरकर_१६
मान्य. पण १/१६ चा टी-५९ आत्ता कुठे शोधू? खालच्या भागाला पत्र्याचे स्कर्ट लावून चाकं झाकणार आहोत. आधी चालू तर होऊ दे.

मीनल_ए
रणगाडे बघायचेच असतील तर मुलांना घेऊन अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय करून या. पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत. विजयंता आहे, पकडलेला पॅटन आहे.

निवृत्त_वर्कशॉप
विषयावर येऊ. रिव्हर्सला मागून उतरतो यातच बरंच काही कळतं. टायगरचा स्प्रॉकेट, म्हणजे ट्रॅक ओढणारं दातेरी चाक, पुढे असतो. पुढे जाताना तो वरचा ट्रॅक ओढतो, म्हणून वरची बाजू आणि आयडलर ताणात राहतात. रिव्हर्सला तो खालचा ट्रॅक ओढतो आणि सगळी ढिलाई वर जमा होऊन आयडलरवर जाते. तिथे आयडलर जरा जरी तिरका असेल, तर वळताना बाजूचा जोर आला की ट्रॅकचे दात बाहेर पडतात.

आता हे करा. दोन्ही ट्रॅक काढा. टँक काचेवर ठेवा, टेबलावर नको, टेबल सपाट नसतं. बॅटरी आत असू दे, वजन हवं. वहीच्या कागदाची पट्टी एकेका चाकाखालून ओढा. सगळीकडे सारखी अडली पाहिजे. जिथे सहज निघते, ते चाक अधांतरी आहे: तिथली स्प्रिंग किंवा आर्म कामातून गेला. मग स्टीलची पट्टी बाहेरच्या चाकांना लावा. पट्टीला न टेकणारं किंवा पट्टी ढकलणारं चाक बोटाने आत-बाहेर हलवून बघा. खेळ चाकात आहे की आर्मच्या मुळाशी, हे वेगळं करायला हवं. शेवटी मागून, डोळा आयडलरच्या उंचीला आणून बघा.

टेकडीवरून
आर्मचं लक्षात आलं, धन्यवाद काका. पण चाकांमध्ये दोन-दोन वॉशर टाकून रेष जुळवता येईल ना? तेवढं सोपं पडेल.

लेथवाला_भोसरी
वॉशरने रेष जुळते, तिरकेपणा जात नाही. उलट टायगरची चाकं एकमेकांत अडकलेली, एक बाहेर घेतलं की शेजारचं घासतं.

कर्वेनगरकर_१६
केलं. डावीकडच्या तिसऱ्या चाकाखालून पट्टी सरळ निघाली. ते गाठायला बाहेरची चाकं काढावी लागली. चाक ठीक आहे, आर्म मुळाशीच डुगडुगतोय, हलमधलं भोक लांबट झालंय. आणि आयडलर मागून बघितला तर वरून आत कललेला स्पष्ट दिसतो. उजवीकडचा ताठ उभा आहे. आता?

बोहरीआळी_हार्डवेअर
भोकात एमसील भरा, वाळलं की ड्रिल मारा.

लेथवाला_भोसरी
एमसील दोन दिवसांत भुगा होईल. तिथे आर्म सतत फिरतो, पितळी बुशच (भोकात बसणारी नळी) हवा. भोक थोडं मोठं करून गोल करा, व्हर्निअरने आर्मच्या पिनचा व्यास मोजून पाठवा. आर्म बुशमध्ये अडखळता कामा नये आणि डुगडुगताही कामा नये. आयडलरलाही तसाच बुश आणि माउंटच्या आतून दीड मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी, दोन स्क्रूवर. बुश मी करून देतो, पैसे नकोत, गणपतीचं काम आहे.

निवृत्त_वर्कशॉप
बरोबर. बुश बसवताना इपॉक्सी लावा, फेव्हिक्विक नको, ठिसूळ असतं. ग्रब स्क्रूला (बिनडोक्याच्या स्क्रूला) थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा, एकच थेंब, प्लास्टिकला लागू देऊ नका, तडे जातात. आणि ट्रॅक परत चढवल्यावर ताठ ओढू नका. वरची बाजू मधल्या चाकांवर टेकलेली दिसली पाहिजे.

कर्वेनगरकर_१६
बुश काल भोसरीहून आणले, रात्री बसवले. आयडलर सरळ झाला. रिव्हर्समध्ये डावीकडे, उजवीकडे, फरशीवर आणि गच्चीच्या कोब्यावरही फिरवला, ट्रॅक जागेवर. लेथवाले दादा आणि काका, मनापासून आभार. आता वाळूवर चालवून बघतो.

निवृत्त_वर्कशॉप
सुटी वाळू नको! ती स्प्रॉकेटच्या दातांत आणि नव्या बुशमध्ये जाईल. प्लायवर फेव्हिकॉल लावून वाळू चिकटवा, वाळल्यावर झटकून व्हॅक्यूम मारा. आणि बुशला ग्रीस लावलं असेल तर पुसून काढा, ग्रीसला वाळू चिकटते.

कर्वेनगरकर_१६
ग्रीस लावलं आहे. आत्ता पुसतो.

सदाशिवपेठी
स्कर्टसाठी टी-५९ च्या बाजूचा फोटो हवा असेल तर सांगा, माझ्याकडे चांगला आहे.