बारा मैलांच्या आतील मासेमारीचे नियम गावांनी ठरवावेत का?

चर्चाप्रस्ताव

किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी महाराष्ट्र राज्याच्या 1981 च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली येते. 2016 मध्ये राज्याने पर्ससीन (थव्याला वेढा घालून पकडणाऱ्या) जाळ्यांवर निर्बंध घातले, 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली आणि 2021 च्या दुरुस्तीने दंडही वाढवला. तरीही सिंधुदुर्गातला पारंपरिक मच्छीमार बाहेरचे ट्रॉलर (जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक नौका) मासळीची नासाडी करतात, अशा त्याच तक्रारी वर्षानुवर्षे घेऊन मत्स्य कार्यालयाच्या पायऱ्या चढतो आहे, कारण कायदा पुस्तकात असला तरी समुद्रात राखणदार नाही. रोज पाण्यात असतो तो मच्छीमारच. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणारे गाव मिळालेली मासळी वाट्यांनी वाटून घेते. सामायिक साधन सामायिक शिस्तीने वापरण्याची सवय तेथे मुरलेली आहे. उलट, 1987 मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, ते स्थानिकांना विश्वासात न घेता, आणि तेथील मच्छीमारांच्या मनातला अविश्वास त्यानंतर कित्येक वर्षे टिकून राहिला. म्हणून जाळ्याच्या आसाचा (भोकाचा) आकार, हंगाम आणि परवान्यांची संख्या ठरवण्याचा अधिकार गावच्या मच्छीमार सोसायट्यांना द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद 1 (विरोधात)

गाव म्हणजे नेमके कोण, हे आधी ठरवावे लागेल. आमच्या पालघर जिल्ह्यात कवींचा वाद पिढ्यान् पिढ्या चालू आहे. डोल जाळे (प्रवाहात बांधून ठेवायचे पिशवीसारखे जाळे) लावण्यासाठी समुद्रात खुंट रोवून ज्या जागा धरतात, त्या कवी. वसई-उत्तनकडील मच्छीमार त्यांवर आपला हक्क सांगतात, तर सातपाटी-डहाणूकडील मच्छीमारांचे म्हणणे असे की त्या कवींमुळे त्यांच्या जाळ्यांना जागाच उरत नाही. दोन्ही बाजू पारंपरिक आहेत, दोन्ही बाजू कोळ्यांच्याच आहेत. अशा वेळी कोणत्या सोसायटीचा ठराव मानायचा?

दुसरे असे की नासाडी केवळ बाहेरचे ट्रॉलर करतात, हे खरे नाही. डोलीच्या खोल्याचा (शेवटच्या निमुळत्या भागाचा) आस बारीक असतो आणि त्यात पापलेटची पिल्लेही येतात. 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केले, त्याच वर्षी 54 प्रजातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरले. हा निर्णय सोसायट्यांवर सोपवला असता, तर ज्यांचा दिवसाचा गल्ला बुडणार होता त्यांनीच त्याविरुद्ध मत दिले असते. शिवाय सोसायटीत आवाज नौकामालकाचा. खलाशाला आणि मासळी विकणाऱ्या बाईला तेथे कोण विचारतो?

प्रतिसाद 2 (बाजूने)

आपला शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु त्यावरचा उपाय सभासदत्व वाढवणे हा आहे, अधिकार नाकारणे हा नव्हे. केरळमधील अष्टमुडी सरोवरात शिंपल्यांचे उत्पादन घसरल्यावर तेथील मच्छीमारांनी शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी पाळली आणि जाळीच्या आसावर मर्यादा घातली. 2014 मध्ये त्या मासेमारीला शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. तसे मिळवणारी ती भारतातील पहिली मासेमारी ठरली. दुरून आलेल्या आदेशावर ही शिस्त टिकली नसती.

प्रतिसाद 3 (विरोधात)

शिंपला जागा सोडत नाही, बांगडा आणि तारली सोडतात. मालवणने जपलेला थवा उद्या दुसऱ्या राज्याच्या ट्रॉलरच्या जाळ्यात गेला, तर मालवणने तोटा का सोसावा? वेगवान ट्रॉलरला अडवणे हे सोसायटीच्या होडीचे काम नाही. तसे प्रयत्न झाले की समुद्रातच हाणामाऱ्या होतात. त्यासाठी शासनाची गस्तीनौका आणि परवाना रद्द करू शकणारा अधिकारीच हवा.

प्रस्तावकाचे उत्तर

प्रतिसाद 3 मधील भेद माझ्याकडून सुटला होता, हे मी मान्य करतो. फिरत्या मासळीसाठी राज्याचा कायदा आणि गस्त यांना पर्याय नाही. मात्र गावावर विश्वास टाकला तर काय घडते, याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासमध्ये 2002 पासून कासवांची अंडी ग्रामस्थांच्या सहभागाने राखली जातात. 2018 मध्ये शासनाने जाळे कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमारास 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देऊ केली आणि मच्छीमार खरोखरच जाळी कापू लागले. तोटा एकट्याच्या माथी मारला नाही, म्हणून ते शक्य झाले.

तेव्हा प्रस्ताव बदलून मांडतो: सुरुवात खाड्यांपासून व्हावी. तिसऱ्या (खाडीतले शिंपले), कालवे आणि खाडीतील मासळी यांचा हंगाम गावाने ठरवावा, आणि ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना त्या समितीत निम्म्या जागा असाव्यात. कवींच्या वादावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. पालघरच्या सभासदांनी त्यावर सविस्तर लिहावे.