पालक-अंबाडीची रातोरात चाळणी होतेय, खाणारं सापडत नाही. मदत हवी आहे

अंबाडीवाली: नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात राहते. घरामागं पालक, चुका, शेपू, अंबाडी आणि कडेनं राजगिरा लावलाय. पालक-अंबाडीच्या पानांची पार चाळणी झालीय, शेपूला मात्र कुणी तोंड लावलेलं नाही. दिवसा पान उलटून बघावं तर काही नाही, सकाळी नवीन भोकं. शेजारीच सोयाबीन आहे.

दुकानात विचारलं तर सोयाबीनचंच औषध हातात ठेवलं, "हाणा, साफ होतंय." बाटलीवर पालकाचं नाव कुठंच नाही. आमच्याकडं भाजी खुडली की तासाभरात कढईत. कोंबड्या मोकळ्या, पोरं चुका तसाच तोंडात टाकतात. त्यामुळं ते मारायचं नाही. महालक्ष्म्या तोंडावर आल्यात, सोळा भाज्यांत अंबाडी हवीच, आणि विकतची आणली तर सासूबाई काय म्हणतील ते मला माहितीय!

मांजराकाठ: ताई, रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन बघा. पानावर वाळलेली चकचकीत रेघ असेल तर गोगलगाय, काळ्या बारीक गोळ्या पडल्या असतील तर अळी. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडं शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं होतं, आठवत असेलच.

अंबाडीवाली: बघितलं. दोन्ही आहेत! पालकावर गोगलगायी. अंबाडीवर हिरवट-तपकिरी अळ्या, अंगावर काळे ठिपके, बोट लावलं की वेटोळं करून खाली पडतात. एका पानामागं भुरकट केसांचा पुंजका चिकटलेला, खरवडला तर आत बारीक अंडी.

मांजराकाठ: मग ती तंबाखूवरची पाने खाणारी अळी, स्पोडोप्टेरा. सोयाबीनवरही हीच असते. पुंजका दिसेल ते पान खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा, एका पुंजक्यात शेकडो अंडी असतात. पिल्लं सुरुवातीला एकाच पानावर गर्दी करून खातात, पान जाळीदार होतं. तेही खुडा. मोठ्या अळ्या दिवसा मातीत दडतात, बुडाशी हलकं उकरून कोंबड्या सोडा. पाचच मिनिटं हं, नाहीतर उरलेला पालक त्याच खातील.

फवारायला निंबोळी अर्क. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवायची, फडक्यानं गाळून चिमूटभर साबणाचा चुरा. संध्याकाळी मारा, उन्हात त्याचा जोर जातो, आणि पानाच्या खालून मारा. लहान अळीवर चालतो. मोठीला हातानंच वेचावं लागतं, दुसरा मार्ग नाही. कडेला एरंडाची दोन झाडं लावा, पतंग तिथं अंडी घालतो आणि मोठ्या पानावर पुंजके लवकर दिसतात.

काळीमाती: गोगलगायीसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याच्या कडेला टाका. सकाळी खाली गोळा झालेल्या असतात. उघड्या हातानं धरू नका, पिशवी घाला. मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. मीठ वाफ्यात नको, जमीन बिघडते. चुन्याची रेघ कोरडी असेल तोवरच अडवते, पाऊस आला की परत ओढा. दुकानात मेटाल्डिहाइडच्या, म्हणजे गोगलगायी मारायच्या विषारी गोळ्या सुचवतील, पण मोकळ्या कोंबड्या आणि कुत्री असतील तर त्या नकोतच.

अंबाडीवाली: गोणपाट आजच टाकते. राजगिऱ्याची पानं धाग्यानं गुंडाळलेली दिसतात, तीही हीच का?

मांजराकाठ: नाही, ती पाने गुंडाळणारी अळी, वेगळी. गुंडाळीत फवारा पोचत नाही. पान बोटांत दाबा किंवा खुडून टाका.