मदत हवी आहे: फ्लोटर्सवर लेझर नागपुरात कुठे करतात?

उन्हात_रापलेला
डोळ्यापुढे काळ्या तारा अन् कोळ्याचं जाळं फिरून राहिलं. मधात एक गोल कडंही आहे. नजर वळवली की मागून येते, थांबलो की हळूच खाली बसते. दुपारी गाडीवर निघालो की पांढऱ्याफट्ट आभाळात फक्त तेच दिसते. एक्सेलची शीट तर पाहवतच नाही. चष्मेवाल्याला दाखवलं, तो म्हणे नंबर तोच आहे. यूट्यूबवर पाहिलं, याला फ्लोटर्स म्हणतात अन् लेझरनं ते फोडता येतात. नागपुरात कोण करते अन् किती लागतात, एवढंच सांगा. 'सवय होईल' सांगू नका, ते गूगलनं सांगून झालं.

बर्डीच्या_काकू
सवय होतेच रे बाबा. मला बारा वर्षं झाली. आता तर कुठं आहेत ते शोधावे लागतात.

चष्मिश
वय किती? नंबर किती? एक डोळा की दोन्ही? कधीपासून?

तर्री_पोहा
याग लेझर म्हणतात त्याला. माझ्या सासऱ्यांचं धंतोलीत पाच मिनिटांत झालं, दुसऱ्या दिवशी पेपर वाचत होते. गाडी मात्र नेऊ नका भाऊ, धंतोलीत पार्किंग शोधण्यातच डोळे जातात.

चष्मिश
सासऱ्यांचं आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं का?

तर्री_पोहा
हो, दोन वर्षं आधी. त्याचा काय संबंध?

चष्मिश
तोच तर संबंध. ऑपरेशननंतर काहींच्या लेन्समागची झिल्ली धुरकट होते, तिला याग लेझरनं वाट करून देतात. मशीन तेच, काम वेगळं. फ्लोटर्सवरही काही डॉक्टर ते वापरतात, पण मोठं, एकटं, डोळ्यातल्या मागच्या पडद्यापासून (रेटिना) अन् लेन्सपासून लांब असलेलं कडं असेल तरच. बारीक तारांवर काही उपयोग नाही. अन् ज्यानं प्रश्न विचारला तो कुठं गेला?

निसर्गमित्र_६२
रोज सकाळी त्रिफळ्याच्या पाण्यानं डोळे धुवा. सोबत अननस खा, तैवानमध्ये २०१९ साली त्यावर अभ्यास झाला आहे. लेझर-बिझर काही लागत नाही.

बर्डीच्या_काकू
अहो, ठिपके डोळ्याच्या आत आहेत. खिडकी बाहेरून पुसून घरातले डास जातात का?

निसर्गमित्र_६२
विश्वास नसेल तर करू नका. माझा चष्मा सुटला.

चष्मिश
त्यांनी चष्म्याचं विचारलंच नाही. अन् अननसाच्या त्या एका अभ्यासावर डोळा सोपवू नका.

उन्हात_रापलेला
ऑफिसात होतो. वय ४३, नंबर मायनस साडेआठ, उजवा डोळा. एखाददुसरा ठिपका कॉलेजपासून होता, हे जाळं परवापासून. रात्री लाईट बंद केला की कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं होते, पण ते मोबाईलमुळे असेल. लेझरचं सांगा ना.

चष्मिश
बाप्पा! हे आधी सांगायचं ना! मोबाईलमुळे नाही. डोळ्यातलं जेल आकसून पडद्यापासून सुटते, ते ओढते तेव्हा लखलख दिसते. पन्नाशीनंतर हे पुष्कळांना होते, जास्त मायनसवाल्यांना लवकर. अचानक असं सुरू झालं की साधारण सातातल्या एकाच्या पडद्याला चीर सापडते. आजच पडद्याच्या डॉक्टरकडे जा, थेंब टाकून, बाहुली मोठी करून तपासून घ्या. गाडी चालवू नका, चार-पाच तास धूसर दिसते. नजरेपुढे काळा पडदा सरकल्यासारखं दिसलं तर रात्र असली तरी मेडिकल किंवा मेयो हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा.

तर्री_पोहा
काहून घाबरवून राहिले उगाच? सोमवारी दाखवतील ना.

बर्डीच्या_काकू
सोमवार नाही. माझ्या मोठ्या जावेनं घरात लग्न म्हणून आठ दिवस काढले. पडदा सुटला. ऑपरेशननंतर किती दिवस पालथं झोपावं लागलं बिचारीला, अन् नजर पहिल्यासारखी झालीच नाही. सवय होते म्हणाले ते जुन्या ठिपक्यांचं. तू आत्ता ऊठ.

निसर्गमित्र_६२
त्रिफळा नंतरही चालू ठेवता येईल.

उन्हात_रापलेला (दुसऱ्या दिवशी)
भाच्याच्या मागे बसून गेलो. वरच्या बाजूला चीर निघाली. लगेच बॅरेज लेझर केलं. चिरेच्या भोवती बारीक बारीक डाग देतात, तिथं पडदा घट्ट चिकटतो. झगझगीत लाईट सोडला तर फार त्रास नाही. आठवड्यानं परत बोलावलं.

म्हणजे लेझरसाठी आलो होतो अन् लेझर झालं, पण जाळं तिथंच आहे! डॉक्टरला विचारलं तर म्हणे, हे लेझर त्याच्यासाठी नाही. आतलं जेलच काढून टाकायचं ऑपरेशन असते, व्हिट्रेक्टॉमी, पण त्यानं मोतीबिंदू लवकर होतो अन् पडदा सुटायची भीतीही असते. म्हणून तीन-चार महिने पाहू, जाळं खाली बसते बरेचदा. तोवर एक्सेल डार्क मोडमध्ये. काकू, थँक्यू.

तर्री_पोहा
बरं झालं भाऊ. पण शेवटी किती लागले ते सांगा ना, मलाही दोन ठिपके दिसून राहिले.

चष्मिश
कधीपासून?